आणि आमचं चुकलं तर?

३ मार्च, मंगळवार

टेबल बाहेर काढलं. दोन वॉर्डबॉय आणि मी, दाराच्या चौकटीला दोनदा ठोकून. सभागृहाचा कारभार पाहणारे गृहस्थ मागे उभे होते, दर ठोक्याला डोळे मिटत. "टेबल नसेल तर डॉक्टर हात कुठे ठेवतील?" रास्त प्रश्न. मी म्हटलं, मांडीवर. त्यांना ते फारसं प्रतिष्ठेचं वाटलं नाही.

खुर्च्या गोलात मांडल्या. चाकांची, उंच पाठीची जी एक होती ती टेबलापाठोपाठ बाहेर घालवली. ती प्रमुख सर्जनांची. मी मनातल्या मनात त्यांना सार्वभौम म्हणतो. हे नाव ह्या पानाबाहेर जाऊ नये, नाहीतर माझी नोकरी जाईल.

टेबल उचलताना जांघेतला तो फुगवटा पुन्हा वर आला. हाताने दाबला, गेला. घरी बोललो नाही.

४ मार्च, बुधवार

अधीक्षकांनी बोलावून सगळं प्रकरण पुन्हा सांगितलं. जानेवारीत एका बाईंच्या पोटात ऑपरेशननंतर गॉजचा, म्हणजे रक्त टिपायच्या जाळीदार कापडाचा, तुकडा राहिला. दुखणं घेऊन त्या परत आल्या, पुन्हा पोट उघडावं लागलं. वाचल्या. ऑपरेशन सार्वभौमांचं. पोट शिवण्याआधी गॉज मोजतात, आणि त्या दिवशी मोजणी चोख जुळली होती म्हणे. सगळे तेच सांगतात.

"व्याख्यान नको," अधीक्षक म्हणाले. "व्याख्यानात आमचे लोक डोळे उघडे ठेवून झोपतात. तुम्ही त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. सहा गुरुवार देतो."

वीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं. विद्यार्थी संपले, विभाग बंद झाला, मी ह्या हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागात आलो. वैद्यकातलं मला काही कळत नाही. अधीक्षकांच्या मते हीच माझी पात्रता. इतक्या सहज प्राप्त झालेली पात्रता माझ्याकडे दुसरी नाही.

५ मार्च, गुरुवार

गोल भरला. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, थिएटरच्या सिस्टर. सार्वभौम दारात थांबले, आपली खुर्ची नजरेने शोधली, आणि मिळेल ती घेतली. हात त्यांनी छातीवर बांधले. म्हणजे टेबलाचा प्रश्न सुटला.

नियम एकच सांगितला. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं. तो "बरोबर" म्हणाला की मग आपलं. तो "नाही" म्हणाला तर पुन्हा त्याचंच.

शास्त्रातल्या वादाची ही जुनी शिस्त. आधी पूर्वपक्ष, तोही असा मांडायचा की प्रतिपक्षाला वाटावं, आपल्यालाही इतकं नीट जमलं नसतं. मगच खंडन. हे मात्र तिथे बोललो नाही. संस्कृतचं नाव काढलं की लोक अत्यंत आदराने जांभई देतात.

"म्हणजे पोपट," सार्वभौम म्हणाले. हशा.

"आपलं म्हणणं असं की ही नुसती पोपटपंची आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग आता माझं. समोरचा 'नाही' म्हणाला तर पोपटाला ते कळत नाही. आपल्याला कळेल अशी आशा आहे."

पुन्हा हशा, ह्या वेळी गोलाच्या दुसऱ्या बाजूने. घरी येईपर्यंत रस्त्यात माझंच वाक्य मी स्वतःला तीनदा ऐकवलं. आत्मश्लाघेचा दोष आहेच. असू दे.

खिडकीपाशी थिएटरच्या एक सिस्टर बसल्या होत्या. चाळिशीच्या. तासाभरात एक अक्षर बोलल्या नाहीत. मौनीबाई.

८ मार्च, रविवार

ही पेपर तपासत बसली होती. (शाळेत गणित शिकवते. घरातही.) एका पेपरावर तिने लाल रेघ मारली आणि माझ्यापुढे सरकवला. "बघा. उत्तर बरोबर, गणित खोटं."

"ते कसं?"

"पुस्तकाच्या मागे उत्तर असतं ना, ते आधी बघतात. मग गणित तिथपर्यंत ओढत नेतात. मधली एक पायरी लबाड असते. अशांना मी शून्य देते."

"उत्तर बरोबर असून?"

"उत्तर पुस्तकाचं आहे. त्याचं काय त्यात?"

मी चहाचा कप हातात धरून तसाच बसलो. जानेवारीतली मोजणी चोख जुळली होती!

"आता काय झालं?" ही म्हणाली.

"काही नाही. तुझा एक दाखला चोरतोय."

"घ्या. हुंड्यात एवढंच मिळायचं राहिलं होतं." मी हुंडा घेतला नव्हता हे हिला चांगलं माहीत आहे. टोमण्याला सत्याची अट नसते.

१२ मार्च, गुरुवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

लबाड पायरीचा दाखला सांगितला आणि गप्प बसलो. गप्प बसणं हेच माझं काम आहे, आणि बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ते जमायला वेळ लागतो. मी चक्क दोन्ही हातांवर बसलो.

सार्वभौमांना विषय कुठे चाललाय ते कळलं. "सरळ बोलू या. त्या दिवशी कुणी काही बोललंच नाही. बोललं असतं तर मी थांबलो असतो. मी काय माणसं खातो?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग खिडकीकडून आवाज आला. मौनीबाई.

"सरांचं म्हणणं असं की त्या दिवशी कुणी बोललं नाही."

"बरोबर," सार्वभौम.

"बोललं होतं, सर."

सार्वभौमांचे बांधलेले हात सुटले.

"एक कमी येतोय, असं मी म्हटलं होतं. आपण म्हणालात, नीट मोजा. मग मी नीट मोजलं."

आता पाळी त्यांची. नियम नियम. मला वाटलं, उठून जातील. उठले नाहीत. "सिस्टरांचं म्हणणं असं की चूक माझी."

"नाही," मौनीबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"बरं. त्यांचं म्हणणं, त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही."

"नाही, सर. आपण ऐकलंत. ऐकून, आकडा किती यायला हवा ते सांगितलंत."

सार्वभौमांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा लावला. "तुमचं म्हणणं असं," ते म्हणाले, आणि ह्या खेपेला त्यांच्याकडे वळून म्हणाले, "की उत्तर मी आधीच सांगून टाकलं, आणि तुम्ही गणित तिथवर नेलंत."

"बरोबर."

वेळ संपली होती. पोपट इतका वेळ विचार करताना मी पाहिलेला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

दिवसभर छाती काढून हिंडलो. जणू बोलणारा मीच. केलं काय? हातांवर बसलो.

१९ मार्च, गुरुवार

आज अदलाबदल. मधे दोन खुर्च्या जोडून ऑपरेशनचं टेबल, त्यावर कुणाचा तरी कोट, तो पेशंट. सार्वभौमांना सिस्टर केलं, मौनीबाईंना सर्जन. ते तयार झाले हेच आश्चर्य.

मौनीबाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं आणि "नीट मोजा" अशा काही सुरात म्हटलं की गोलाच्या गोल कोसळला. भूल देणारी तरुण डॉक्टरीण खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. "मी असा बोलतो?" सार्वभौमांनी विचारलं. "थोडे मोठ्याने," डॉक्टरीण डोळे पुसत म्हणाली. ते हसले. मग सिस्टर म्हणून त्यांना "सर, थांबा" म्हणायचं होतं. दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा जमलं. "अवघड आहे हो हे," ते खाली बसत म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

त्यावर मौनीबाई नाटकातून बाहेर आल्या.

"सर, एक विचारू? समजा आम्ही थांबवलं. पेशंट उघडा, भूल चालू, पुढची केस दारात. सगळे शोधताहेत. आणि आमचं चुकलं तर?"

"तुमचं म्हणणं असं की तुम्ही मला थांबवलंत आणि गॉज आत नव्हताच, तर मी काय करीन."

"बरोबर."

पहिल्या फटक्यात बरोबर. सराव झालाय आता. ते उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. अपघाताची केस. गेले.

फोन खरा होता. पण तो ज्या चपळाईने उचलला गेला, त्यावरून वाटतं, फोन करणाऱ्याचे उपकार झाले असावेत.

प्रश्न मात्र तिथेच राहिला, दोन खुर्च्यांवरच्या कोटावर.

२१ मार्च, शनिवार

फुगवटा आता दाबून जात नाही. सार्वभौमांच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलो. आत गेल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या, पोपटवाले."

तपासलं. "खोका." खोकलो. "पुन्हा." पुन्हा. "हर्निया आहे. किती दिवस लपवलात?"

"आपलं म्हणणं असं की मी लपवला."

"इथे नको ते," ते म्हणाले. "इथे मी बोलतो." पण ओठांचा कोपरा हलला. पहिल्या तारखेला ऑपरेशन. एक एप्रिल. तारीख त्यांची, विनोद माझा नाही.

प्रश्नाचं उत्तर विचारायचं ओठावर आलं होतं. माणूस कमरेखाली उघडा असला की वादविवादाला बसत नाही.

२२ मार्च, रविवार

हिला सांगितलं.

"ज्यांनी त्या बाईंच्या पोटात गॉज ठेवला, त्यांच्याच हातात?"

"हात उत्तम आहे त्यांचा. सगळे सांगतात."

"सगळे मोजणीसुद्धा जुळली होती असं सांगत होते."

अवघड आहे हिच्याशी. मी नियम लावला. "तुझं म्हणणं असं की ते निष्काळजी आहेत."

"नाही."

"तुझं म्हणणं असं की त्यांच्या पुढ्यात थिएटरमध्ये कुणी बोलणार नाही."

"तेही आहे. पण ते नाही."

"मग तुझं म्हणणं असं की मी माझी पद्धत खरी ठरवायला माझंच पोट पुढे करतोय."

"करताय हे खरंच. पण माझं म्हणणं एवढंच आहे की मला भीती वाटते."

ह्या पूर्वपक्षाला खंडन नाही. "बरोबर," मी म्हटलं, जरी पाळी माझी नव्हती. तिने हातातला रुमाल घडी करून ठेवला.

तरी जाणार तिथेच. गुरुवारी गोलात बसून लोकांना सांगायचं, एकमेकांना थांबवा, विश्वास ठेवा, आणि स्वतःचं पोट शिवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं? हे मला शोभायचं नाही. मला न शोभणाऱ्या गोष्टी आधीच पुष्कळ आहेत.

२६ मार्च, गुरुवार

सार्वभौमांची खुर्ची रिकामी.

निरोप आला, केस लांबली. असेल. बाकीचे बसले, बोलले, पण सगळे रिकाम्या खुर्चीच्या बाजूला बघून. अधीक्षक दारात येऊन थांबले, गोल मनातल्या मनात मोजला आणि मला नंतर खोलीत बोलावलं.

"प्रमुखच येत नसतील तर बाकीच्यांना थिएटरमधून सोडवायचं कशाला? पुढचं बघू."

'बघू' हे क्रियापद भविष्यकाळी दिसतं. अर्थ भूतकाळी असतो.

मौनीबाई खुर्च्या रचायला थांबल्या होत्या. दोन-तीन खुर्च्या झाल्यावर म्हणाल्या, "सर, त्यांनी उत्तर दिलं नाही तर आम्ही परत हळूच बोलणार. मी तरी."

"हळूच म्हणजे?"

"म्हणजे बोललंही, आणि ऐकू गेलं नाही तर बरंच."

एक खुर्ची उचलायला गेलो, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "तुम्ही उचलू नका. बुधवारी मीच आहे आत."

३१ मार्च, मंगळवार

उद्या. ही जेवताना तीनदा म्हणाली, सगळं ठीक होईल. गणिताच्या बाईंनी सिद्धतेशिवाय विधान करावं, तेही तीनदा.

३ एप्रिल, शुक्रवार

वॉर्डातल्या पलंगावर. टाके ओढतात. हसायचं नाही अशी ताकीद आहे, पण लिहायला बंदी नाही.

परवा पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं बधिर केलं. शुद्ध पूर्ण. छातीपाशी हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी आणि माझ्या उशाशी स्टुलावर ती डॉक्टरीण, पलीकडे माझं उरलेलं शरीर आणि बाकी सगळे. पडदा लावताना मौनीबाई वाकून म्हणाल्या, "सर, आज तुम्ही गोलात नाही. बोलायचं नाही."

काम चाललं होतं. दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी कपाटात काही शोधत असावं तशी ओढाताण जाणवत होती. सार्वभौम अधूनमधून एक शब्द बोलत. आता शिवायला घेणार असं वाटलं, आणि पलीकडून स्पष्ट आवाज आला.

"सर, थांबा. एक गॉज कमी येतोय."

हळूच नव्हे. बाहेरच्या दालनात ऐकू गेलं असेल.

सगळं थांबलं. माझ्या हृदयाची टिकटिक यंत्रावर ऐकू येत होती, ती भलतीच जोरात सुटली. खासगी काही राहत नाही तिथे. मी डोळे मिटून वाट पाहिली. "नीट मोजा" हे दोन शब्द आले असते तर मी तिथेच ओरडलो असतो, पडदा असो वा नसो.

"तुमचं म्हणणं असं," सार्वभौम म्हणाले, "की एक गॉज कमी येतोय आणि मी शिवू नये."

"बरोबर."

"थांबलो."

मग शोधाशोध. बादली, चादरीच्या घड्या, जमीन. पुन्हा मोजलं, कमीच. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, पुढचा पेशंट बाहेर आणलाय. सार्वभौम म्हणाले, "त्याला परत वॉर्डात न्या." आणि मग, "मी इथे बघतोय. आत नाही असं मला वाटतंय. पण माझ्या वाटण्यावर मोजू नका. एक्स-रे बोलवा."

यंत्र ढकलत आणलं. फोटो काढला. गॉजमध्ये एक धागा असतो, तो फोटोत दिसतो, असं डॉक्टरीण माझ्या कानाशी सांगत होती. "भीती वाटतेय का?" तिने विचारलं. खरं सांगायचं तर वाटत होती, पण पोटाची नव्हे. फोटोत धागा दिसला नाही. आणि फोटो पाहायला ती डॉक्टरीण स्टूल मागे सारून उठली, तेव्हा स्टुलाच्या चाकात गुंडाळलेला गॉज दिसला. इतका वेळ माझ्या डोक्याशी!

"सापडला," मौनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आत नव्हता, सर."

त्या खोलीतल्या प्रत्येकाला एकोणीस तारखेचा प्रश्न आठवत होता. पडद्याअलीकडून मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, आणि तरीही मला सगळा गोल दिसत होता.

"सिस्टर," सार्वभौम म्हणाले, "त्या दिवशी तुमचा एक प्रश्न राहिला."

"हो, सर."

"पुढच्या वेळीही थांबवा. ह्याच आवाजात. द्या आता सुई."

सुई दिली गेल्याचा बारीक आवाज आला. मग ते म्हणाले, "पलीकडे काय चाललंय? पोट का हलतंय?"

"पेशंट रडताहेत, सर," डॉक्टरीण म्हणाली.

"दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग गप्प करा त्यांना. वेडावाकडा टाका पडेल."

जे आत नव्हतंच ते शोधण्यासाठी माझं पोट तेवढा वेळ उघडं राहिलं. ह्या देहाचा इतका सत्कारणी वापर मी स्वतः कधी केलेला नाही.

५ एप्रिल, रविवार

सार्वभौम तपासायला आले. हिने त्यांना बसूही दिलं नाही. "बुधवारी यांना एवढा वेळ का लागला?"

मी डोळ्यांनी खुणावतोय, ही बघत नाही. त्यांनी खुर्ची ओढली.

"तुमचं म्हणणं असं की बाहेर तुम्ही घाबरलात आणि कुणी येऊन काही सांगितलं नाही."

"बरोबर," ही म्हणाली, आणि जरा गोंधळली. हा नियम हिला फक्त माझ्या तोंडून माहीत होता.

"चुकलंच ते. सांगायला हवं होतं." मग त्यांनी सगळं सांगितलं, स्टुलाच्या चाकासकट.

ते गेल्यावर ही खिडकीपाशी गेली. "पायऱ्या सगळ्या दाखवल्या," ती म्हणाली. "गुण देते."

"कुणाला?"

"तुम्हाला नाही. तुम्ही नुसते आडवे होतात."

९ एप्रिल, गुरुवार

गेल्या गुरुवारी गोल झालाच नाही; पाचवा आज माझ्याविना झाला. मी घरी, उशांच्या सिंहासनावर. संध्याकाळी मौनीबाईंचा फोन. गोल त्यांनी चालवला. सार्वभौम वेळेआधी आले, खुर्च्या मांडायला लागले, आणि तासाभरात दोनदा त्यांना "नाही" ऐकावं लागलं. "जमलं का हो सर?" त्या विचारत होत्या. जमलं का! मी नसताना जमलं, ह्याहून अधिक काय जमायचं राहतं?

फोन ठेवल्यावर मात्र जरा रुसलो. कुणी आठवण काढली का, हे विचारायचं राहिलं. ही म्हणाली, विचारा ना परत फोन करून. नको. मौनीबाई हे नाव मात्र आता बदलायला हवं.

अधीक्षकांचाही फोन आला. गोल पुढे चालू ठेवायचा. ह्या खेपेला 'बघू' म्हणाले नाहीत.

१७ एप्रिल, शुक्रवार

काल थिएटरमध्ये आमच्या सिस्टरांनी सार्वभौमांना पुन्हा थांबवलं. टेबलावर कुणी अनोळखी बाई होत्या. सार्वभौमांना वाटत होतं, गॉज आत नाही. तरी थांबले.

होता.